न्यूक्लिअस लाल, इओसिन फिकं आणि दोष भलत्याच जारवर

टिश्यूचा पातळ काप काचेवर घेऊन एकामागून एक जारमधून रंगवत नेलेली स्लाइड बिघडली की लॅबमध्ये पहिला संशय जातो हिमॅटॉक्सिलिनच्या, म्हणजे न्यूक्लिअस निळं करणाऱ्या रंगाच्या, बाटलीवर. बाटली जुनी झाली, लॉट खराब आला, कंपनी बदलली, आणि लगेच नवी बाटली फोडायची तयारी. हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन म्हणून माझी बरीच वर्षं गेलीत आणि आता डीएमएलटीची (लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमाची) मुलं-मुली पोस्टिंगला येतात त्यांना मी शिकवते, तर त्यांना मी सतत सांगत असते की बाबांनो, ज्या जारमध्ये बिघाड दिसतोय त्याच जारमध्ये तो झालेला असेल असं धरून चालू नका, बहुतेक वेळा तो एक-दोन जार आधीचा असतो आणि कधी कधी तर तो आपल्या लॅबमध्ये झालेलाच नसतो, थेट ऑपरेशन थिएटरमधून आलेला असतो. स्लाइड हातात घ्यायची आणि तिथून उलटं चालत जायचं. आमच्याकडे मध्यंतरी पाण्यामुळे जे झालं ते लिहिते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल.

बायोकेमिस्ट्रीच्या ॲनालायझरसाठी बिल्डिंगमध्ये नवा आरओ प्लांट बसला. एवढं स्वच्छ पाणी मिळतंय तर हिस्टोच्या सिंकलाही तीच लाइन जोडून घेऊ असं ठरलं. आधी आमच्याकडे बोअरचं पाणी होतं, तोटीला पांढरे थर चढायचे, स्टेनिंग डिशवर क्षार बसायचे, रॅक घासून घासून मावशींचे हात दुखायचे, त्यामुळे सगळे खूश झाले. आणि त्याच आठवड्यात रिपोर्टिंग रूममधून पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा निरोप आला, "ताई, आजचे न्यूक्लिआय सगळे लालसर का दिसतायत? क्रोमॅटिन कळतच नाहीये."

मग नेहमीचं सुरू झालं. हॅरिस हिमॅटॉक्सिलिन गाळून घेतलं, वर धातूसारखी चकचकीत साय येते ती काढली. फरक नाही. नवी बाटली उघडली. फरक नाही. कुणीतरी म्हणालं वेळ वाढवा, वेळ वाढवला, तर न्यूक्लिआय जास्त गडद झाले पण रंग तोच, वाइनसारखा, आणि वर सायटोप्लाझमलाही रंग चढायला लागला. मग जास्तीचा रंग उतरवणाऱ्या ॲसिड अल्कोहोलच्या बुचकळ्या कमी करून बघितल्या, तर पाठीमागची घाण अजून वाढली. आता यात एक गोष्ट बघा, एकाच दिवसात बाटली बदलली, वेळ बदलला आणि डिफरन्शिएशन (ते रंग उतरवणं) बदललं, तर उद्या स्लाइड सुधारली असती तरी ती कशाने सुधारली हे कुणाला सांगता आलं असतं? तीन गोष्टी एकदम हलवल्या की काहीच कळत नाही. म्हणून सगळं परत पहिल्यासारखं केलं, जुना वेळ, जुन्या बुचकळ्या, आणि एका टॉन्सिलच्या ब्लॉकचे, म्हणजे मेणात बसवलेल्या तुकड्याचे, दोन सेक्शन (पातळ काप) घेतले. दोन्ही एकाच रॅकमधून हिमॅटॉक्सिलिनमध्ये गेले, एकत्र बाहेर आले, आणि नंतर एक स्लाइड सिंकच्या आरओच्या पाण्यात ठेवली, दुसरी पॅसेजमधल्या जुन्या बोअरच्या नळाखाली. मायक्रोस्कोपची सुद्धा गरज पडली नाही. पाचेक मिनिटांत बोअरवाली स्लाइड डोळ्यादेखत निळी होत गेली आणि आरओवाली तशीच तांबूस जांभळी राहिली. पीएचची पट्टी बुडवली तर आरओचं पाणी ६ च्याही खाली आणि बोअरचं साडेसातच्या वर.

याचं कारण असं. हिमॅटॉक्सिलिन येतं मेक्सिकोतल्या काम्पेचे भागात मूळ असलेल्या हिमॅटॉक्सिलम काम्पेचिॲनम नावाच्या झाडाच्या लाकडाच्या गाभ्यातून. ते स्वतः काही रंगवत नाही, त्याचं ऑक्सिडेशन होऊन हिमॅटेइन झालं की मग ते तुरटीतल्या ॲल्युमिनियमला धरतं आणि ॲल्युमिनियमच्या आधाराने न्यूक्लिअसला चिकटतं. मेयरच्या फॉर्म्युल्यात हे ऑक्सिडेशन सोडियम आयोडेटने करतात, हॅरिसच्या १९०० सालच्या मूळ फॉर्म्युल्यात मर्क्युरिक ऑक्साइड होतं, ते विषारी म्हणून आता बहुतेक ठिकाणी तिथेही आयोडेटच असतं. पण फॉर्म्युला कुठलाही असो, हे मिश्रण आम्लधर्मी असतं, आणि आम्लात हा रंग लालच असतो. जारमधून सेक्शन बाहेर येतो तेव्हा तो लालच यायला हवा. तो निळा होतो नंतर, किंचित अल्कली असलेल्या पाण्यात, त्यालाच आपण ब्लूइंग म्हणतो. दख्खनच्या काळ्या दगडातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात, म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नुसतं नळाखाली धरून ब्लूइंग होत आलंय आणि ही स्वतंत्र पायरी आहे हेच लोक विसरून गेलेत. आरओ ते सगळे क्षार काढून टाकतं, विरघळलेला कार्बन डायऑक्साइड मात्र पडद्यातून पार होतो, त्यामुळे पाणी उलट थोडं आम्लधर्मी होतं. कोकणात जांभ्या दगडातलं पाणी तसंही मऊ असतं, तिकडच्या लॅबमध्ये ब्लूइंगला उशीर लागतो तो म्हणूनच. आणि थंडीत पाणी गार असेल तरी ब्लूइंग रेंगाळतं, डिसेंबरमध्ये सकाळची पहिली बॅच थोडी लालसर येते ती त्यामुळे.

उपाय तसा स्वस्त. स्कॉट्स टॅप वॉटर सब्स्टिट्यूट म्हणतात ते घरच्या घरी बनतं, १ लिटर पाण्यात ३.५ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट आणि २० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट. त्यात एक-दोन मिनिटं पुरतात. काही जण पाण्यात अमोनिया टाकतात, त्यानेही निळं होतं, पण हात जरा सैल सुटला की सेक्शन स्लाइडवरून सुटून तरंगायला लागतात, त्यामुळे मी तरी ते टाळते. पाण्याचा विषय निघालाच आहे तर अजून एक, गच्चीवरची टाकी धुऊन त्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर जास्त पडली असेल तर क्लोरीनमुळे हिमॅटॉक्सिलिन फिकं पडतं. टाकी कधी धुतली हे हिस्टोच्या टेक्निशियनला माहीत असायला पाहिजे, हे ऐकून मुलं माझ्याकडे बघत राहतात, पण खरंच पाहिजे.

तर न्यूक्लिआय निळे झाले, मॅडम खूश, आम्ही खूश. आणि दोन-तीन बॅच झाल्यावर इओसिन, म्हणजे बाकीच्या टिश्यूला गुलाबी करणारा दुसरा रंग, फिकं यायला लागलं.

इथे परत तेच, इओसिनची बाटली बदलायची घाई. पण उलटं चालत गेलं की आधीचा जार कुठला, तर आपणच नव्याने आणलेला स्कॉट्सचा. तो अल्कली, आणि प्रत्येक रॅकबरोबर त्यातलं थोडं थोडं इओसिनमध्ये जातंय. इओसिनला पीएच ४.६ ते ५ च्या दरम्यान लागतो, तो वर सरकला की प्रोटीनवर रंग धरतच नाही, सेक्शन कितीही वेळ ठेवा. जारला पट्टी लावली, पीएच वर गेलेलाच होता. ग्लेशियल ॲसिटिक ॲसिडचे थेंब टाकले, १०० मिलीला साधारण अर्धा मिली, रंग परत आला. आणि स्कॉट्सनंतर नीट धुवायची पायरी वाढवली, गंमत म्हणजे त्या धुण्यासाठी तेच आरओचं पाणी एकदम उत्तम.

चांगलं इओसिन कसं ओळखायचं, तर नुसतं गुलाबी दिसलं म्हणजे झालं असं नाही. तांबड्या पेशी, स्नायू आणि कोलॅजन, हे तिन्ही गुलाबी, पण तीन वेगळ्या छटांचे दिसले पाहिजेत. अपेंडिक्सची भिंत लावून बघा, एकाच स्लाइडवर सगळं मिळतं. सगळं एकाच गडद गुलाबीत बुडालेलं असेल तर इओसिन जास्त झालंय किंवा पुढच्या अल्कोहोलमध्ये ते पुरेसं उतरलेलं नाही. कारण इओसिन उतरवतं ते अल्कोहोलमधलं पाणी, ७०% मध्ये ते भराभर उतरतं, ॲब्सोल्यूटमध्ये जवळजवळ नाही.

आणि इथेच आपला पावसाळा येतो. जुलै-ऑगस्टमध्ये ॲब्सोल्यूट अल्कोहोलचा जार उघडा राहिला की ते हवेतली ओल ओढून घेतं, नावाला ॲब्सोल्यूट राहतं. मग एक तर त्यात इओसिन उतरत राहतं, दुसरं म्हणजे पाणी पुढे झायलीनमध्ये (अल्कोहोलनंतरचा, पाण्यात न मिसळणारा द्रव) जातं आणि झायलीन दुधासारखं होतं. दुधाळ झायलीन दिसलं की लोक झायलीन बदलतात आणि अल्कोहोल तसंच ठेवतात, मग दुसऱ्या दिवशी नवं झायलीनही दुधाळ. तपासायला सोपी जुनी पद्धत आहे, मोरचूद क्रुसिबलमध्ये पांढरी पूड होईपर्यंत तापवायचं, गार करून घट्ट झाकणाच्या बाटलीत ठेवायचं आणि चिमूटभर अल्कोहोलमध्ये टाकायचं, निळं झालं तर पाणी आहे. ही टेस्ट आमच्याकडे पावसाळ्यात रोज सकाळी होते, प्रोसेसिंगच्या (टिश्यूतलं पाणी काढून मेण भरायच्या) अल्कोहोललाही आणि स्टेनिंगच्याही. पाणी राहिलेल्या स्लाइडवर डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं द्रावण) लावलं की आत बारीक थेंब अडकतात, मायक्रोस्कोपखाली धुकं दिसतं, आणि रेसिडेंट बिचारे लेन्स पुसत बसतात.

माउंटिंगचं थोडक्यात सांगते. तपकिरी चकाकणारे पापुद्रे दिसतात ना न्यूक्लिअसवर, ज्याला कॉर्नफ्लेकिंग म्हणतात, ते स्लाइड झायलीनमधून काढून पंख्याखाली वाळू दिल्यामुळे होतं, आत हवा अडकते. कव्हरस्लिप काढा, झायलीनमधून मागे अल्कोहोल आणि पाण्यापर्यंत जा, परत वर या, झायलीन ओलं असतानाच माउंट करा. बहुतेक वेळा स्लाइड वाचते. पंखा बंद ठेवा म्हटलं की उन्हाळ्यात सगळे कुरकुरतात, पण ठेवा.

आता मला सगळ्यात जास्त काळजी वाटते त्या गोष्टीबद्दल, फ्लोटर. वॉटर बाथमध्ये (कोमट पाण्याच्या भांड्यात) सेक्शनची सलग रिबन तरंगवली, सेक्शन उचलला, पुढचा ब्लॉक लावला. मधे पाण्यावर आधीच्या पेशंटचा एक कण राहिला आणि तो पुढच्याच्या स्लाइडवर बसला. रंग छान, कटिंग छान, स्लाइड दिसायला सुंदर, आणि त्यावर एका माणसाच्या पोटाच्या साध्या बायोप्सीशेजारी दुसऱ्या कुणाच्या तरी कॅन्सरचा ठिपका. फिकं इओसिन मॅडमना लगेच कळतं, हे कळेलच असं नाही. म्हणून प्रत्येक ब्लॉकनंतर टिश्यू पेपर पाण्याच्या पृष्ठभागावरून ओढून घ्यायचाच, ब्लॉक पन्नास असोत की शंभर, साहेब घाई करोत की न करोत. आमच्याकडे रेसिडेंटने एकदा गॅस्ट्रिक बायोप्सीच्या कडेला एक गर्द निळा पुंजका दाखवला, ग्रंथीसारखा दिसणारा. फाइन फोकस फिरवला तर बायोप्सी स्पष्ट असताना तो धूसर आणि तो स्पष्ट होताना बायोप्सी धूसर, म्हणजे तो वेगळ्या पातळीवर, वर बसलेला. शेजारच्या सेक्शनमध्ये त्याच जागी तो नव्हता. ब्लॉक पुन्हा लावून खोलवर सेक्शन काढले, कशातच नाही. म्हणजे फ्लोटर. पण हाच पुंजका प्रत्येक सेक्शनमध्ये त्याच जागी आला असता तर तो ब्लॉकमध्येच आहे असं समजायचं, आणि मग तपास वॉटर बाथवरून मागे सरकतो, एम्बेडिंगच्या (तुकडा मेणात बसवायच्या) चिमट्यावर, ग्रॉसिंगच्या (स्पेसिमन कापून तुकडे निवडायच्या) बोर्डावर, त्या दिवशी त्याच्या आधी कुठलं स्पेसिमन कापलं होतं त्या रजिस्टरवर. चिमटा दर कॅसेटनंतर पुसायचा हे मी मुलांना इतक्या वेळा सांगते की ती माझी नक्कल करतात, करू देत. आणि हो, स्लाइडवर चपटे, न्यूक्लिअस नसलेले गुलाबी तुकडे दिसले तर ते बहुतेक आपल्याच बोटांच्या कातडीचे असतात, पाण्यात बोट घालायची सवय सोडा.

कटिंगच्या बाकीच्या तक्रारी बऱ्याचशा ओळखीच्या असतात. रिबनमध्ये उभी चीर सतत एकाच जागी येत असेल तर ब्लेडला खाच, ब्लेड बाजूला सरकवा, तरी तिथेच आली तर ब्लॉकमध्ये कॅल्शियमचा खडा किंवा टाका आहे. आडव्या पट्ट्या, पडद्यासारख्या, जाड-बारीक जाड-बारीक, म्हणजे काहीतरी सैल आहे, आधी ब्लेड आणि ब्लॉकचे स्क्रू आवळा. पण बारीक एंडोस्कोपिक बायोप्सीत अगदी सूक्ष्म थरथर दिसत असेल तर मायक्रोटोमला (सेक्शन कापायच्या यंत्राला) दोष देऊ नका, तो तुकडा प्रोसेसिंगमध्ये जास्त सुकलाय. इवलीशी बायोप्सी आणि स्तनाचा चरबीचा मोठा तुकडा एकाच रात्रीच्या शेड्यूलवर घातले तर एक ठिसूळ होणार आणि दुसरा आतून मऊ राहणार, दुसरं काय होणार. ठिसूळ ब्लॉकचं तोंड ट्रिम करून थोडा वेळ बर्फाच्या पाण्यावर ठेवलं की ३-४ मायक्रॉनचा सेक्शन निघतो कसाबसा.

आणि लाइट. ज्या गावात भारनियमन किंवा रात्री-अपरात्री लाइट जायची सवय आहे तिथे प्रोसेसर बॅकअपवर असला पाहिजे, याच्यासाठी मी अर्जावर अर्ज केलेत. मेण गोठलं तर परत वितळवून पुढे जाता येतं, पण टिश्यू झायलीनमध्ये तासन्‌तास अडकून पडला तर तो असा कडक होतो की ब्लेडखाली त्याचा चुरा होतो. म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी डिले लावायचा तो फॉर्मॅलिनमध्ये (टिश्यू सडू नये म्हणून ठेवतात त्या द्रावणात), थांबायचंच आहे तर टिश्यूने तिथे थांबावं.

फॉर्मॅलिन म्हणजे उलट्या वाटेवरची शेवटची पायरी, आणि तिथे बिघडलेलं आम्हाला दुरुस्त करता येत नाही. न्यूक्लिआय पुसट, धुतल्यासारखे, आतडं असेल तर म्यूकोसा (आतला थर) निघून गेलेली, अशी स्लाइड आली की मी हिमॅटॉक्सिलिनला हात लावत नाही, मी रिक्विझिशन फॉर्म आणि बरणी बघते. आम्हाला काय काय येतं सांगू? आख्खा गर्भाशय, न उघडलेला, अर्ध्या लिटरच्या बरणीत कोंबलेला, वर जेमतेम बुडेल एवढं फॉर्मॅलिन. बाहेरून कडक आणि आतलं एंडोमेट्रियम (गर्भाशयाचं अस्तर) सडलेलं, आणि बाईला त्रास होता तो नेमका त्या एंडोमेट्रियमचा. शनिवारी संध्याकाळी सलाइनमध्ये टाकलेली बायोप्सी सोमवारी दुपारी. अरुंद तोंडाच्या बाटलीत मऊ असताना ढकललेला तुकडा, जो फिक्स होऊन कडक झाल्यावर बाहेरच येत नाही, मग बाटली फोडा. फॉर्मॅलिन टिश्यूत शिरतं ढोबळमानाने तासाला १ मिलिमीटर, आणि जसं खोल जाईल तसं अजून हळू. त्यामुळे मोठं स्पेसिमन आल्याआल्या चिरून उघडलं नाही तर मध्यभागापर्यंत ते वेळेत पोचतच नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर, हर-टू या रिसेप्टरच्या तपासण्या करायच्या असतील तर टिश्यू काढल्यापासून १ तासाच्या आत फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा आणि फिक्सेशन ६ ते ७२ तासांत बसायला हवं असं आंतरराष्ट्रीय गाइडलाइन सांगते. त्या रिपोर्टवर त्या पेशंटला हॉर्मोनविरोधी गोळ्या मिळणार की नाही हे ठरतं. बरणीवर वेळच लिहिलेली नसेल तर आम्ही काय सांगणार?

आणि वॉर्डात अंदाजाने पाणी घालून बनवलेलं बफर नसलेलं फॉर्मॅलिन. ते ठेवून ठेवून आम्लधर्मी होतं, आणि रक्ताळलेल्या टिश्यूमध्ये, स्प्लीनमध्ये खास करून, काळपट तपकिरी दाणे पडतात, ॲसिड हिमॅटीनचे. ते पोलराइज्ड प्रकाशात चमकतात, आणि मलेरियाचं पिगमेंटही चमकतं, पावसाळ्यात आपल्याकडे हा गोंधळ परवडणारा नाही. अल्कोहोलमधल्या पिक्रिक ॲसिडने हे दाणे काढता येतात, पण त्यात स्लाइड जाते, दिवस जातो. बफर करायला लागतंच किती, १०० मिली फॉर्मॅलिन, ९०० मिली पाणी, ४ ग्रॅम सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट आणि ६.५ ग्रॅम निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट. तुमच्या ओटीच्या सिस्टरना आणि ब्रदरना हे बनवायला सांगू नका, लॅबने बनवून कॅन भरून पाठवा, आम्ही तेच सुरू केलंय आणि वरून येणाऱ्या बरण्यांत फरक पडलाय. कॅनसोबत आम्ही रुंद तोंडाच्या बरण्याही देतो. त्यांच्याकडून एवढंच हवं असतं की टिश्यूच्या निदान दहापट फॉर्मॅलिन घाला, आत टाकल्याची वेळ लिहा, आणि पेशंटचं नाव बरणीच्या अंगावर चिकटवा, झाकणावर नको, कारण ग्रॉसिंगच्या टेबलावर आठ-दहा बरण्यांची झाकणं एकदम उघडलेली असतात.